क्रोशाच्या रुमालाखालची नदी

आमचे आणि शांताक्कांचे घर एकाच भिंतीला टेकून उभे होते. बेळगावच्या टिळकवाडीतल्या त्या बैठ्या घरांच्या ओळीत मधल्या भिंती वर आढ्यापर्यंत पोचलेल्या नव्हत्या, त्यामुळे एका घरातले बोलणे दुसऱ्या घरात फोडणीच्या वासासारखे आपोआप येई. सकाळी तिकडे ज्वारीची रोट्टी थापण्याचा आवाज सुरू झाला की इकडे आई आमटीला लागे, आणि इकडे आप्पांनी कुणाचे इंग्रजी सुधारायला घेतले की तिकडे शांताक्का रेडिओचा आवाज वाढवत. त्यांच्या घरी कन्नड चाले. आमच्याशी त्या मराठी बोलत. आम्ही घरी मराठी बोलत असू, आणि त्यांच्या स्वयंपाकघरात भूक लागली की कन्नड. यात काही विशेष आहे असे आम्हा मुलांना कधी वाटले नाही. विशेष वाटायचे ते मोठ्यांना, आणि त्या वाटण्याचा ताप आम्हाला व्हायचा.

टीव्ही त्यांच्याकडे होता. तो बैठकीच्या खोलीत एका उंच लाकडी स्टुलावर ठेवलेला असे आणि त्याच्यावर शांताक्कांनी स्वतः विणलेला क्रोशाचा पांढरा रुमाल असे. कार्यक्रम सुरू करताना रुमाल उचलून त्याची घडी करायची आणि संपला की पुन्हा पसरायचा, हे काम त्यांची मुलगी सुमा देवपूजेसारखे करी. सुमा माझ्याच वर्गातली. तिचे वडील रेल्वेत होते, त्यांची बदली रायचूरला झाली होती आणि ते पुढे जाऊन घर पाहत होते. सोमवारी सकाळी सामानाची लॉरी येणार होती. अर्ध्या घराची गाठोडी बांधून झाली होती. टीव्ही तेवढा सुमाच्या हट्टामुळे रविवारी संध्याकाळपर्यंत बांधायचा नाही असे ठरले होते. त्या शेवटच्या रविवारी आप्पांनी व्हीसीआर भाड्याने आणला.

आप्पा हायस्कुलात इंग्रजी शिकवत, आणि करमणुकीत करमणुकीखेरीज काहीतरी असल्याशिवाय त्यांना ती सोसत नसे. व्हिडिओ लायब्ररीच्या मालकाने त्यांना मुलांसाठी म्हणून एक इंग्रजी चित्रपट दिला. त्यातली बहुतेक पात्रे म्हणजे बाहुल्या होत्या. चित्रपटाचे नाव मी इथे लिहीत नाही, कारण आमच्या तोंडी ते कधी आलेच नाही; आम्ही त्याला 'नावाड्याचा पिच्चर' म्हणत होतो. पाणमांजराच्या तोंडाचा, ओल्या नाकाचा एक बुटका नावाडी; त्याची नदी एके दिवशी आटते. डोंगरावर शेवाळाच्या दाढ्या असलेले दगडी राक्षस झऱ्याच्या मुखावर बसून राहिलेले असतात. नावाडी आपली होडी दोराने ओढत, कोरड्या पात्रातून, त्यांच्याकडे निघतो. गोष्ट एवढीच. पण तो चालताना त्याचे कान हलत, आणि दमला की त्याची पाठ खरोखरीची वर-खाली होई. सुमा पहिल्याच दृश्यात स्टुलाजवळ सरकली आणि म्हणाली, "ह्याला पाणी मिळतंय की न्हाई बघूनच मी जाणार." मंडळींनी त्या पोरीला एवढे एक पाहू द्यायला हवे होते. ते आमच्याने झाले नाही.

कॅसेट कशाची तरी नक्कल, त्या नकलेची नक्कल. रंग एकमेकांत उतरले होते आणि आवाज घोंगड्यातून आल्यासारखा येई. इंग्रजी कळणारे आप्पा एकटे. त्यांनी दूरनियंत्रक मांडीवर ठेवला होता, आणि दर दोन वाक्यांनंतर ते चित्र थांबवत. थांबलेल्या चित्रावर एक पांढरा पट्टा थरथरत राही. तो नेमका नावाड्याच्या डोळ्यांवर येई, त्यामुळे तो बिचारा पट्टी बांधून परीक्षेला बसल्यासारखा दिसे.

"सांग, काय म्हणाला तो?" आप्पांनी मला विचारले.

"नदी कुठं गेली, म्हणाला."

"नाही. नदी कोणी नेली, असे म्हणाला. कुठे गेली आणि कोणी नेली यात फरक आहे की नाही?"

"सर, फरक मागनं सांगा की," सुमा म्हणाली. "आधी नदी तरी येऊ दे."

पाठीमागे भिंतीला टेकून बाळूकाका बसले होते. आप्पांचे धाकटे भाऊ. निपाणीला तंबाखूच्या वखारीत होते, रविवारी एसटीने येत आणि त्यांच्या सदऱ्याचा तो गोडसर उग्र वास सोमवारपर्यंत आमच्या उशांना येई. ते म्हणाले, "अण्णा, ह्या चालीनं त्यो नावाडी म्हातारा हुईल बघा." शांताक्का पदर तोंडाला लावून हसल्या. आप्पा हसले नाहीत. त्यांनी पुन्हा बटण दाबले, दोन वाक्ये जाऊ दिली, आणि पुन्हा थांबवले.

पहिला दगडी राक्षस तोंड उघडून काहीतरी घरघरला तेव्हा आप्पांची प्रथमच अडचण झाली. त्यांनी ते वाक्य मागे नेऊन दोनदा ऐकले. शेवटी चष्मा पुसत म्हणाले, "ही जुन्या वळणाची इंग्रजी आहे. डोंगराळ भागातली." आम्ही मान डोलावली. आप्पांना इंग्रजी कळत नाही अशी शक्यता त्या खोलीत कुणाच्याही मनात आली नसती; त्यांच्या तर नाहीच.

जेवणाआधी शाळेचा शिपाई सायकलवरून आला. प्रयोगशाळेची किल्ली आप्पांकडे राहिली होती आणि कुणी अधिकारी पाहणीसाठी यायचे होते. आप्पा निघाले. जाताना दूरनियंत्रक माझ्या हाती देऊन म्हणाले, "मी येईपर्यंत थांबवून ठेव." मी थांबवले. पांढरा पट्टा थरथरत राहिला. बाळूकाकांनी सुमाच्या तोंडाकडे पाहिले, माझ्या हातातून ते यंत्र घेतले आणि म्हणाले, "अण्णा येस्तवर ह्याची नदी काय, होडीबी वाळवी खाईल. चला, मी सांगतो."

त्यानंतरचा जो अर्धा-पाऊण तास गेला त्याच्याइतका आनंद पुढे मला कोणत्याही चित्रपटगृहात मिळाला नाही. काकांना इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. ते टीव्हीशेजारी उभे राहिले आणि प्रत्येक पात्राच्या तोंडी निपाणीची मराठी घालू लागले. बाहुल्यांच्या तोंडांना ती इतकी बेमालूम बसे, की इंग्रजी हीच वरून चिकटवलेली वाटू लागली. आंधळी बेडकी-आजी वाट सांगते तिथे काका म्हणाले, "हितनं सरळ जा रं लेकरा, वडाच्या झाडाला इचारू नगंस, त्ये लई बोलतंय." नावाडी डोंगर चढून दगडाच्या दारावर थाप मारतो. शेवाळाची दाढी हलते, एक डोळा उघडतो, घरघर होते. काका पोट पुढे काढून, पेंगुळलेल्या आवाजात म्हणाले, "साहेब इल्ला. नाळे बर्री."

साहेब नाहीत, उद्या या. खोली अक्षरशः फुटली. सर्वांत जास्त हसल्या शांताक्का. बदलीमुळे रेशनकार्ड आणि गॅसची कागदपत्रे बदलून घेण्यासाठी त्या आठवडाभर कचेऱ्यांच्या पायऱ्या चढत होत्या आणि दर खिडकीवर त्यांना हेच वाक्य मिळाले होते. "अय्यो, तोच हा, तोच," असे म्हणत त्यांनी डोळे पुसले. आई भडंग परतता परतता दारात येऊन उभी राहिली होती, तिच्या हातातला झारा हसण्याने हलत होता.

हशा मिळाला की माणसाला कुठे थांबावे ते कळत नाही. दुसऱ्या राक्षसाने नावाड्याला अर्ज कन्नडमधून लिहून आणायला सांगितले. तिसऱ्याने त्याला तो जिथून आला तिकडे, महाराष्ट्रात जायला सांगितले. आम्ही अजून हसत होतो. पण खोलीच्या एका बाजूचे हसू कमी झाले आहे हे मला जाणवले नव्हते. ते सुमाच्या प्रश्नाने जाणवले.

"बाळूकाका, दगडं सगळी कन्नडच का बोलतात?"

"मग काय नावाड्यानं बोलू व्हय?" काका अजून चेष्टेतच होते.

"बोलला तर काय होतंय?"

शांताक्का हसत म्हणाल्या, "बोलू दे की ओ, बाळूअण्णा. पोरगी उद्या जाणार, एवढंच मागते."

इथे काका हो म्हणाले असते तर हे प्रकरण लिहिण्याची वेळ आली नसती. पण काकांनी सीमाभागाच्या आंदोलनात लाठी खाल्ली होती, आणि त्या एका विषयावर त्यांच्यातला खेळकर माणूस दार लावून आत निघून जाई. ते गंभीर झाले. "आक्का, नदी त्याची गेलीया. ज्याचं गेलंय त्यो मराठीच बोलणार."

"म्हणजे ती आम्ही नेली काय?"

टीव्हीवर नावाडी बोलत होता, पण काकांचा आवाज आता त्याला नव्हता. काकांनी सदऱ्याची वरची गुंडी काढून खांदा उघडा केला. "हे बघा. हे कुणी केलं?"

"मी केले काय ते?" शांताक्कांचा आवाज चढला. "तुम्ही मार खाऊन आला तेव्हा हळद मी उगाळली. ह्या वैनींना विचारा की!"

"उगाळली की! मी न्हाय म्हंतो व्हय?"

"मग दगड कोण?"

आईचा कोणत्याही संकटावर एकच उपाय असे. तिने भडंगाच्या ताटल्या दोघांच्या मध्ये आणून ठेवल्या आणि म्हणाली, "घ्या. गरम आहे, आधी खा." कुणी हात लावला नाही. शांताक्का उठल्या, खिडकीतला क्रोशाचा रुमाल घेतला, झटकला आणि चालू टीव्हीवर पुढून सोडला. "साकु," त्या म्हणाल्या. पुरे. त्या आत गेल्या. काका बाहेर पायरीवर जाऊन बसले. यंत्र कुणीच बंद केले नव्हते. रुमालाच्या विणीतून हिरवे-निळे ठिपके हलत होते, आणि खालून दगडांची घरघर येत होती. सुमा त्या रुमालासमोर मांडी घालून तशीच बसली होती. मीही बसलो. रुमाल वर करायची हिंमत आम्हा दोघांतही नव्हती.

अशा वेळी आप्पा परत आले. त्यांनी सर्व हकीकत न्यायाधीशासारखी ऐकून घेतली: आधी पायरीवर, मग स्वयंपाकघरात. मला वाटले, आता ते रुमाल काढतील आणि चित्रपट पुढे सुरू होईल. रुमाल त्यांनी काढलाही. मग म्हणाले, "दोघांचेही चुकले आहे. ते राक्षस मराठी बोलत नाहीत आणि कन्नडही बोलत नाहीत. ते नेमके काय बोलतात हे एकदा नीट ऐकले, की वादच उरणार नाही. पहिल्यापासून लावू."

"सर, नको," सुमा जवळजवळ ओरडली. "थोडंच राहिलंय. शेवट बघू या की."

"शेवट पळून जात नाही, बाळ."

त्यांनी कॅसेट मागे न्यायला घेतली. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. पीठ दळल्यासारखा, एकसुरी, आणि त्यात सुमाने पाहिलेली सगळी वाट उलटी धावत होती. नावाडी डोंगर उतरला, बेडकीकडून मागे गेला, आणि कोरडे पात्र ओलांडून पुन्हा आपल्या घाटावर येऊन बसला. आप्पा वही घेऊन टीव्हीला कान लावून बसले. राक्षसांची घरघर त्यांनी इतक्या वेळा मागे-पुढे केली की कॅसेटला ओरखडे पडायला लागले. वहीत एक शब्द उतरला नाही. ऊन उतरू लागले तेव्हा व्हिडिओ लायब्ररीचे मालक स्कूटरवरून यंत्र न्यायला आले. पुढच्या घरी द्यायचे आहे म्हणाले आणि उभ्याउभ्याच तारा काढू लागले. पडदा काळा झाला. सुमाने रुमालाची घडी केली आणि ती गाठोड्यात ठेवली. ती रडली असती तर बरे झाले असते.

सोमवारी सकाळी लॉरी आली. टीव्ही कुणी उचलायचा हा प्रश्न होता. बाळूकाका पहिल्या एसटीने जायचे ते गेले नव्हते. कुणाशी न बोलता त्यांनी तो जड संच छातीशी धरला आणि त्याच दुखऱ्या खांद्याच्या आधाराने लॉरीवर चढवला. शांताक्का खालून म्हणाल्या, "जपून ओ, बाळूअण्णा. आत तुमचीबी माणसं आहेत." काका उतरले, हात झटकले, आणि सुमाला म्हणाले, "पानी आलं गं शेवटाला."

"तुम्ही बघितलं?"

"न्हाय. पर आलं असणारच."

सुमाने त्यांच्याकडे असे पाहिले की त्यांनी नजर फिरवली. लॉरी गेली. भिंतीपलीकडे आता रोट्टीचा आवाज नव्हता. नवे कुटुंब राहायला आले तरी आई कित्येक महिने आमटीला उशीर करत राहिली. मी त्या दिवसांत घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसावर चिडलेलो असे. दोन तासांचा एक बाहुल्यांचा खेळ यांना मुकाट्याने पाहता आला नाही! एकाला त्यात धडा हवा, दुसऱ्याला खटला, तिसरीला मान, आणि सगळ्यांना आपापली भाषा. नावाड्याचे काय झाले, हे त्या एका पोरीखेरीज कुणालाही जाणून घ्यायचे नव्हते.

तो राग मी किती वर्षे सांभाळला, आणि त्याखाली मी स्वतः हळूहळू कोण होत गेलो, हे मला अलीकडे कळले. माझी मुलगी अनघा हिने तो चित्रपट कुठूनसा शोधून काढला. जुनी मूळ प्रत धुऊन-पुसून नवी केलेली, खाली पात्रांचे बोलणे लिहून येणारी. आम्ही दोघे पाहायला बसलो. तो काळाला कितपत पुरून उरला आहे, असे मला कुणी विचारले तर उत्तर सरळ नाही. त्यातली माणसे पार शिळी झाली आहेत. मध्ये कुरळ्या केसांची एक राजकन्या येते, ती केव्हा जाते याची वाट पाहावी लागते. विजा पडद्यावर खडूने काढल्यासारख्या दिसतात, आणि संगीत ऐकताना जुन्या मनगटी घड्याळाचा गजर वाजत असल्याचा भास होतो. मधला भाग तर इतका रेंगाळतो की आप्पांनीच तो थांबवून ठेवला असावा. पण बाहुल्या? त्या तशाच आहेत. चिखल खरा, धूर खरा, नावाड्याचे ओले नाक खरे. त्याचा पंजा दोरावर घट्ट होतो तेव्हा आतला माणसाचा हात कापतो आहे हे आता स्पष्ट दिसते, आणि त्यामुळे तो अधिकच जिवंत वाटतो.

मी अनघाला हे सारे समजावून सांगत होतो. सांगण्यासाठी चित्र थांबवत होतो. काही वेळाने ती कपाळाला हात लावून म्हणाली, "बाबा! किती वेळा थांबवणार आहात?" मी हातातल्या दूरनियंत्रकाकडे पाहिले. मीही आयुष्यभर इंग्रजीच शिकवले आहे. माझ्या वर्गातल्या किती मुलांची गोष्ट मी अशी घाटावर परत नेऊन बसवली असेल, या विचाराने मी ते यंत्र मुकाट्याने तिच्या हाती दिले.

मग राक्षस आले. दाढी हलली, डोळा उघडला, घरघर झाली. खालच्या पट्टीत एवढेच आले: घरघर. दुसरा बोलला, घरघर. मी अनघाला ते मागे न्यायला लावले, आणि तिने कुरकुरत नेले. राक्षस संपूर्ण चित्रपटात एक शब्द बोलत नाहीत. जुनी इंग्रजी नाही, डोंगराळ इंग्रजी नाही, काही नाही. ज्या वाक्यांवरून भिंतीच्या दोन बाजू एकमेकींशी भांडल्या, ज्यांच्यासाठी आप्पांनी एका मुलीची दुपार मागे फिरवली, ती वाक्ये कुणी उच्चारलीच नव्हती. दगडांना बोलते केले ते आम्ही. मी इतका वैतागलो की हसू लागलो, आणि अनघाने शेवट लावायला घेतला तेव्हा मी तिला थांबवले. हे थांबवणे तेवढे योग्य होते, असे मला अजून वाटते.

सुमा आता हुबळीला असते. लग्नकार्यांच्या निमित्ताने आमचा संबंध टिकून राहिला होता. नात्यातल्या एका लग्नाला ती बेळगावात आली तेव्हा तिला दुपारी आमच्याकडे जेवायला बोलावले. आप्पा, काका, शांताक्का तिघेही आता नाहीत. सुमाचे केस पांढरे झाले आहेत आणि बोलताना मराठीत कन्नड अधिक मिसळते. भडंगाची ताटली मांडीवर घेऊन ती बसली. मी तो चित्रपट लावला, आणि नावाडी घाटावर दिसताच तिने खाणे थांबवले. मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलो होतो. राजकन्या आली, गेली. दगड घरघरले. सुमा माझ्याकडे वळून पाहत होती हे मला दिसत होते, पण मी हात मांड्यांखालून काढले नाहीत.

शेवटी नावाडी झऱ्याच्या मुखाशी आपली होडी मोडतो आणि तिच्या फळ्यांची ऊब करून थंड दगडांना जाग आणतो. ते उठतात, ते बसून राहिलेले नसतात, गारठलेले असतात. पाणी येते. त्याच्यापाशी आता होडी नसते, म्हणून तो पोहत परत जातो. मग ते घड्याळाचे संगीत, आणि समाप्त.

"आलं की रे पाणी," सुमा म्हणाली.

"आलं."

"बाळूकाकांनी बरोबर सांगितलं होतं."

"न बघता."

मग ती ताटली बाजूला ठेवून, पदर खोचून, टीव्हीशेजारी नेमकी काकांसारखी जाऊन उभी राहिली. "पहिल्यापासून लाव," ती म्हणाली. "तू दगडांचं बोल. नावाड्याचं कन्नडमधनं मी बोलते."